ब्रह्मा, विष्णू, महेश आणि तांब्याभर पंचामृत

"...मग आक्का, फिरणारी घेऊ की न फिरणारी?"

भागीरथीआक्का लसूण सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"काय फिरतं?"

"आतली तबकडी. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. पहिली स्वस्त आणि तिच्यात जागा भरपूर. दुसरी महाग, पण चपळ."

"त्यातली मरत नाही ती कुठली?"

सुव्रत हसला. अडाणी प्रश्नाला शिकलेली माणसं हसतात तसं.

"मरतात दोन्ही. फिरणारी आपटली की गेली. नाही आपटली तरी पाचसात वर्षांनी तिचा भरवसा नाही."

"आणि न फिरणारी?"

"ती पडली तरी सहसा चालते. पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली, तर हळूहळू विसरायला लागते."

"माझ्यासारखीच की," आक्का म्हणाल्या. "फक्त मी पडले तर चालत नाही."

हे मी समोर बसून ऐकलं. मी मठात भाजी चिरतो. त्याआधी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे दुसरा बोलत असताना गप्प बसायची सवय मला इथं आल्यावर लागली, आणि तीही पुरती नाही.

मठ म्हणजे फार काही नाही. कृष्णेच्या काठी तीन खोल्या, एक ओसरी आणि तात्याबुवांची समाधी. तात्याबुवांना जाऊन सोळा वर्षं झाली. आक्का त्यांच्या शिष्या, वय अठ्ठ्याहत्तर. मठाची गादी त्यांच्याकडे आहे, पण तिच्यावर मांजर बसतं.

सुव्रत देशिंगकर पुण्याहून आलेला. एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांची माहिती सांभाळणं हेच त्याचं काम. वर्षभर रजा काढून तो ज्ञान मिळवायला आला होता. पहिल्याच दिवशी त्याने आक्कांना सांगितलं की आपण पेटाबाइटमध्ये काम करतो.

आक्का म्हणाल्या, "असू दे. इथं ओसरीत झोपावं लागेल."

मठात नव्या माणसानं पहिलं वर्ष मधुकरी मागायची, असा रिवाज आहे. रोज पाच घरं, मिळेल ते झोळीत. सुव्रतने त्यातून सूट मागितली. वेळ फार जातो म्हणाला. त्याने फोनवरून महिन्याचा किराणा मागवला. आक्कांनी सूट दिली. किराणाही ठेवून घेतला.

त्याऐवजी त्याला काम दिलं तात्याबुवांच्या कॅसेटींचं.

तात्याबुवांनी आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही. बोलायचे मात्र रोज, आणि ज्याच्याकडे टेपरेकॉर्डर असेल तो बटण दाबायचा. त्यांचं म्हणून या जगात जे काही उरलं, ते एकशे शहाऐंशी कॅसेटींत. त्यातल्या निम्म्यांना बुरशी आलेली. सुव्रतने एकेक कॅसेट वाजवून लॅपटॉपमध्ये उतरवली. कॅसेट दीड तासाची असेल तर दीड तास लागतोच, तिथं पेटाबाइटचं काही चालत नाही. चैत्रात सुरू केलेलं काम आषाढात संपलं.

आणि लॅपटॉप भरला. कोपऱ्यात लाल पट्टी दिसायला लागली. लॅपटॉप एकच, प्रत एकच. तो गचकला असता तर तात्याबुवा दुसऱ्यांदा गेले असते. म्हणून हा प्रश्न.

"दोन्ही घे," आक्का म्हणाल्या. "आणि एक लांब ठेव."

"तोच नियम आहे आक्का. तीन प्रती, दोन प्रकारच्या, एक दुसऱ्या ठिकाणी. मी लोकांना हेच शिकवतो."

"मग मला कशाला विचारलंस?"

"...आशीर्वाद म्हणून."

"घे," आक्का म्हणाल्या, आणि लसणाची सालं त्याच्या हातात दिली. "जाता जाता टाकून ये."

*

कॅसेटी उतरवताना एक गोष्ट झाली होती, ती सांगायला हवी.

सुव्रतला हेडफोन लावून काम करायचं होतं. आक्का म्हणाल्या, "कानात घालून एकट्यानं ऐकायला ते काय तुझ्या सासऱ्याचं पत्र आहे? लाव मोठ्यानं."

तेव्हा चैत्र ते आषाढ तात्याबुवा ओसरीवर बोलत राहिले. बायका शेंगा फोडायला तिथंच येऊन बसायच्या. गडी दुपारचे टेकायचे. आणि सगळ्यांच्या फोनमध्ये रेकॉर्डिंगचं बटण असतंच; कोणी ओसरीवर दाबायचं, कोणी भिंतीपलीकडून घरातूनच.

सुव्रतला ते खपेना.

"फोनवर घेऊ नका. दर्जा खराब येतो. आणि अशा प्रती पसरल्या तर मूळ कुठलं, नक्कल कुठली, कळणार नाही."

शेजारच्या हौसाबाई खोत मठाच्या भिंतीवरून सगळ्यांशी भांडतात. त्या म्हणाल्या, "आरं, मूळ माणूस जाऊन सोळा वर्सं झाली की. आता समद्या नकलाच."

सुव्रतने आक्कांकडे बघितलं. आक्का म्हणाल्या, "तू तुझं कर. त्यांना त्यांचं करू दे."

काम संपल्यावर रिकाम्या कॅसेटींचा ढीग उरला. म्हणजे रिकाम्या नव्हत्या, पण सुव्रतच्या दृष्टीनं आता निकामी. हौसाबाईंनी त्या मागून नेल्या. नव्या पेरलेल्या ज्वारीत पाखरं फार होती. कॅसेटीतली फीत ओढून शेतात काठ्यांना ताणली की वाऱ्यावर चमकते, गुणगुणते, आणि पाखरं बिचकतात. अख्ख्या दोन एकरांत तात्याबुवा फडफडायला लागले.

"आक्का, चालेल ना?" सुव्रतने विचारलं होतं.

"चालेल. पाखरांनाही ऐकू दे."

*

तीन डबे आले. सुव्रतने त्यांना नावं दिली. न फिरणारी ती ब्रह्मा, रोजच्या कामाला. मोठी फिरणारी ती विष्णू, आक्कांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. तिसरी, तीही फिरणारी, ती महेश. ती सांगलीला बँकेच्या लॉकरमध्ये.

आक्कांनी नावं ऐकून घेतली.

"म्हणजे सगळं बुडालं तर मग महेशाकडं जायचं?"

"हो. तो शेवटचा आधार."

"लय करणाऱ्याच्या हातात दिलंस होय..."

सुव्रत म्हणाला, नावं नुसती सोयीसाठी आहेत.

पुढचे तीन महिने त्याच्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही. कपाटाची किल्ली कमरेला. डब्यांना फोमचं वेष्टण. त्याने वहीत एक ते एकशे शहाऐंशी आकडे घालून प्रत्येक प्रवचनापुढे तारीख, लांबी आणि विषय लिहिला. अक्षर असं, की माझ्या शाळेत असता तर मी वही सगळ्या वर्गाला दाखवली असती.

एकदा आक्का म्हणाल्या, "ते भांड्यावरचं प्रवचन लाव रे. खूप दिवसांत ऐकलं नाही."

सुव्रत अवघडला.

"आक्का, विष्णू सीलबंद आहे. सारखं उघडबंद केलं तर धोका वाढतो. ब्रह्मावरचं लावलं असतं, पण आज त्याची तपासणी चालू आहे."

"बरं."

त्या दिवसापासून आक्का दळण घेऊन स्वतः गिरणीत जायला लागल्या. घरात डबाभर पीठ असताना. मला वाटलं, वय झालं.

*

खंडेनवमी आली. त्या दिवशी मठातली सगळी अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. विळी, कोयता, पंपाचा पान्हा, हार्मोनियम, माझा चाकू. हळदकुंकू, फूल, अक्षता, आणि मग शेवग्याच्या शेंगांची आमटी.

आदल्या दिवशी सुव्रत सांगलीला जाऊन आला. छातीशी पिशवी धरून, नवी नवरी आणल्यासारखा.

"काय आणलंस?" मी विचारलं.

"महेश."

"लॉकरमधून? कशाला?"

"मास्तर, वर्षातून एकदा अवजाराची पूजा होते. दोघांची करायची आणि तिसऱ्याला बँकेत तसाच ठेवायचा? बरं दिसतं का ते? दसरा झाला की परत नेऊन ठेवतो. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

मला काही खटकलं नाही, हे कबूल करतो. मला ते संस्कार वाटले. मी त्याला वेगळा पाटही काढून दिला.

सकाळी त्या पाटावर ब्रह्मा, विष्णू, महेश एका ओळीत बसले. त्यांच्यामागे उघडा लॅपटॉप, पडद्यावर तात्याबुवांचा फोटो. सुव्रतने सोवळं नेसलं होतं. त्याने स्वतः रांगोळी घातली होती आणि ती सरळ आली होती.

आक्का पूजा करत करत आल्या. विळीला कुंकू. कोयत्याला कुंकू. हार्मोनियमला फूल. त्यांच्या हातात तांब्या होता. तो समाधीसाठी असेल असं मला वाटलं.

पाटापुढे त्या थांबल्या.

"हे सगळे तुझे?"

"हो आक्का."

"तात्याबुवा सगळेच्या सगळे यात?"

"एकशे शहाऐंशी."

"आणखी कुठं?"

"कुठंही नाही," सुव्रत म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं. "मठाची एकही प्रत मी बाहेर जाऊ दिलेली नाही."

"बँकेत?"

"तीही आज इथंच आहे."

"बरं," आक्का म्हणाल्या.

आणि त्यांनी तांब्या कलता केला.

तांब्यात पंचामृत होतं. दूध, दही, तूप, मध, साखर, वर केळ्याच्या चकत्या. आधी ब्रह्मावर धार, मग विष्णूवर, मग महेशावर. आक्कांना घाई अशी नव्हतीच. उरलेलं लॅपटॉपवर गेलं. तात्याबुवांचा फोटो एकदा थरथरला आणि विझला. केळ्याची एक चकती बटणांवर राहिली.

"आक्का..." सुव्रत म्हणाला. "हे तुम्ही..."

"देवाला आपण रोज घालतो. त्याला कधी काही झालं नाही."

"आक्का, ते यंत्र आहे."

"मग पाटावर कशाला बसवलंस?"

सुव्रत सोवळ्याच्या टोकानं पाट पुसायला लागला. मला उत्तर सुचलं असतं, पण मी पाट काढून दिला होता.

"पान्हा द्या इकडं मास्तर," आक्का म्हणाल्या. "त्याला कुंकू राहिलंय."

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सांगलीला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने डबे उघडले आणि बोट लावून पाहिलं.

"पाणी आहे का?"

"पंचामृत," सुव्रत म्हणाला.

"मध असतो त्यात?"

"हो."

"तूप?"

"...हो."

दुरुस्तीवाल्याने बोट पुसलं. "साहेब, पाणी असतं तर बघितलं असतं. नुसता चहा असता तरी बघितलं असतं." मग त्याने नाव काय लिहू विचारलं. सुव्रतने डब्यांची नावं सांगितली. त्या माणसानं पेन खाली ठेवलं.

दोन महिने लागतील, बाहेरगावी पाठवावं लागेल, खात्री नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

परत आल्या आल्या सुव्रत हौसाबाईंच्या ज्वारीत घुसला. मी बांधावर उभा. त्याने एका काठीची फीत सोडवून उन्हात धरली. तीन महिन्यांच्या उन्हापावसानं ती पांढरी पडली होती. हातात घेतली की तुटायची.

हौसाबाई कणसं खुडत होत्या. "घे की लागंल तेवढी," त्या म्हणाल्या. "आता पाखरंबी भीत न्हाईत तिला. सवय झाली."

सुव्रत बांधावर येऊन बसला. शिकलेला माणूस तुटतो तेव्हा फार वाईट दिसतं. मला त्याचा इतके दिवस राग यायचा, तो त्या दिवशी गेला.

"मास्तर, मी तात्याबुवांना संपवलं."

"तू नाही. आक्कांनी."

"सगळे एका पाटावर मी आणले."

हे खरंच होतं, त्यामुळे मी त्याच्या सदऱ्याला चिकटलेली कुसळं काढायला घेतली.

संध्याकाळी तो आक्कांपुढे जाऊन उभा राहिला. आक्का मांजराला दूध घालत होत्या.

"आक्का, आता मी काय करू?"

"मधुकरीला जा."

"...मधुकरीला?"

"तुझी सूट संपली."

"पाच घरं?"

"पाच घरांत काय होतंय," आक्का म्हणाल्या. "सगळी घे."

*

पहिलं घर हौसाबाईंचं. सुव्रत झोळी घेऊन दारात. मी मागं, वही घेऊन.

"काय पायजे?"

"हौसाबाई... तुमच्या फोनमध्ये तात्याबुवा आहेत का?"

"हाईत की. पर दर्जा खराब हाय म्हणं त्येंचा."

सुव्रतने मान खाली घातली.

"आन् नकला पसरल्या तर मूळ कळत न्हाई म्हणं."

सुव्रत झोळी गुंडाळायला लागला.

"बस आधी. भाकरी खा. रिकाम्या पोटानं मागू नगंस."

भाकरी झाली, वांगं झालं. मग हौसाबाईंनी तांदळाच्या डब्यातून जुना फोन काढला. काच तडकलेली. बटण दाबलं.

तात्याबुवांचा आवाज आला. "माणसानं घरात कसं राहावं..." आणि कुकरची शिट्टी. "घरात राहावं, पण घर..." दुसरी शिट्टी. मागून हौसाबाई स्वतःशीच, "बंद करायचा ऱ्हायला त्यो ग्यास."

सुव्रत रडायला लागला. मीही रडलो, उगाच खोटं कशाला सांगू. तात्याबुवा काय म्हणत होते ते शिट्टीत निम्मं गेलं होतं, पण आवाज त्यांचाच होता.

"एकतीस नंबर," सुव्रत डोळे पुसत म्हणाला. मी वहीत खूण केली.

हौसाबाईंकडे बावीस निघाली. मग तो गिरणीत गेला. रफीक मुल्ला पट्टा चढवत होते. गिरणीच्या फळीवर छोटा स्पीकर, त्यात बोटाच्या नखाएवढं कार्ड, आणि कार्डात चाळीस प्रवचनं.

"दिवसभर लावतो," रफीकभाई म्हणाले. "दळणवाले भांडत नाहीत मग. तुमच्या आक्का येतात की ऐकायला. रोज. चार किलोचा डबा घेऊन. कधी दळायचं विसरतात, तसाच घेऊन जातात."

सुव्रत माझ्याकडे वळला. मी पिठाकडे बघितलं.

सहा आठवडे तो वाडी हिंडला. एका घरात नवऱ्यानं फोनमध्ये ठेवलेलं, एका घरात माहेरी गेलेल्या मुलीकडे निघालं. ट्रॅक्टरवाल्या पोपट जाधवांकडे सतरा होती, सगळ्यांत ट्रॅक्टर. एका प्रवचनात वैराग्याचा मुद्दा आला की नेमकी शेळी ओरडते. दुसऱ्यात दोन बायकांचं नळावरून चाललेलं भांडण तात्याबुवांपेक्षा स्पष्ट ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर जास्त रंगतं.

प्रत्येक घरात त्याला बसवलं, खायला घातलं, आणि त्याच्या पगाराची चौकशी केली. त्याचं वजन वाढलं.

दुसरा बदलही झाला. एका घरातून घेतलेलं तो दुसऱ्या घरात देऊन यायला लागला. "तुमच्याकडे नव्वद नंबर नाही, घ्या." आधी लोक गांगरले. मग मागायला लागले.

नव्या डिस्क त्याने आणल्या, दोन्ही प्रकारच्या. फिरणारी शाळेत, कारण तिथं ती टेबलावरून हलणार नाही. न फिरणारी गिरणीत, कारण गिरणी थरथरते आणि वीज रोज असते. तिसरी फिरणारी त्याने पोपट जाधवांच्या बहिणीकडे पाठवली, जतला, जिथं पूर यायची भीती नाही. यावेळी कोणाला नाव दिलं नाही. दर पौर्णिमेला कोणाचं तरी एक उघडून ऐकायचं ठरलं. न उघडलेल्या डब्यात काय आहे ते देवालाही ठाऊक नसतं, असं तो म्हणाला. मला वाटलं आक्कांचं वाक्य आहे, पण ते त्याचंच होतं.

एक दिवस त्याने धीर करून विचारलं, "आक्का, गावात कोणाकडेच नसतं तर?"

आक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"तर मी तुझ्यापेक्षा जास्त रडले असते. माझे ते गुरू होते, तुझे नव्हते." मग म्हणाल्या, "पण गिरणीत चाळीस होती, हे मला माहीत होतं. उरलेल्यांचा जीवाला घोर होता."

*

दुरुस्तीवाल्याने डबे काहीच निघत नाही म्हणून परत केले. पण घरोघरची एकशे पंच्याऐंशी जमली. एक राहिलं. नंबर एकशे बारा.

वहीत त्यापुढे लिहिलेलं, "मौन. गुरुपौर्णिमा. पाऊण तास." त्या दिवशी तात्याबुवा बोललेच नव्हते. नुसते बसून राहिले होते. पण तेव्हाच्या कोणा भक्तानं सवयीनं बटण दाबलं आणि कॅसेटीवर पाऊण तास शांतता उतरली.

जेव्हा ती कॅसेट ओसरीवर वाजली, तेव्हा कोण कशाला ती फोनवर घेईल? लोक उठून चहाला गेले होते.

सुव्रतला ते सोसेना. "एकशे पंच्याऐंशी म्हणजे अपूर्णच की मास्तर." मी म्हटलं, पाऊण तास कोरी फाइल करून ठेव, कोणाला कळतंय? त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी परत कांदा चिरायला घेतला.

त्याने घरोघर पुन्हा विचारलं. सगळे नाही म्हणाले. हौसाबाईही नाही म्हणाल्या, पण फार पटकन म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला त्या वैतागल्या. "हाय माझ्याकडं. पर देनार न्हाई."

"का हो?"

"मला लाज वाटती."

"मौनात लाज वाटण्यासारखं काय आहे?"

हौसाबाईंनी पदर सावरला. "मी हिकडं माझ्या बाजूला भिंतीला टेकून फोन चालू करून बसले. त्ये काय बोलंनात. मग माझा डोळा लागला... मला एरवी झोप येत न्हाई रं. मालक गेल्यापास्नं रिकामं घर खायाला उठतं. गोळी घेतली तरीबी टक्क जागी. त्या दिवशी कशी लागली कुणास ठाऊक. आन् समदं त्यात आलंय."

"काय आलंय?"

"...घोरणं."

शेवटी दिलं त्यांनी. कोणाला ऐकवायचं नाही, घोरणं काढून टाकायचं, या अटीवर.

सुव्रत ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. नवा होता, आणि तांब्यापासून लांब ठेवलेला. आवाज साफ करायची युक्ती त्याच्याजवळ होती. आधी कुत्रं काढलं. मग एसटीचा हॉर्न काढला. पडद्यावर फक्त घोरण्याचे डोंगर उरले, एकामागून एक, सह्याद्रीच्या रांगांसारखे. मी भूगोलाचा माणूस, मला ते आवडले.

मग त्याने घोरणं काढलं.

पडद्यावर सरळ रेघ राहिली. त्याने आवाज वाढवून बघितलं. काही नाही. परत वाढवला. काहीच नाही.

मग तो लॅपटॉप उचलून आक्कांकडे गेला. हौसाबाई तिथंच होत्या, घोरणं पुसलं का ते बघायला आलेल्या.

"आक्का, एक अडचण आहे."

"बोल."

"घोरणं काढलं की खाली काही उरत नाही. आता हे जे उरलंय ते तात्याबुवांचं मौन आहे, की नुसती रिकामी जागा आहे? मला ओळखता येत नाही."

"काढ बाबा त्ये," हौसाबाई म्हणाल्या. "काय का उरंना. माझी लाज जाती गावात."

आक्का म्हणाल्या, "आधीचं लाव. घोरण्याचं."

हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. सुव्रतने लावलं.

घोरणं सुरू झालं. लांब, सावकाश, मध्येच अडखळणारं, पुन्हा वाटेला लागणारं. आम्ही चौघं ऐकत बसलो. पाच मिनिटं झाली... दहा झाली. मांजर गादीवरून उतरून आक्कांच्या मांडीवर आलं. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. हौसाबाईंनी केव्हा तरी पदर खाली घेतला. आपलीच झोप त्या मान कलती करून ऐकत होत्या.

पाऊण तास झाला. आवाज थांबला.

"मग आक्का?" सुव्रतने हळूच विचारलं. "काढू?"

आक्कांनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला.

"राहू दे ते... रिकाम्या जागी हौसाला झोप लागत नाही."